मिशीआडचे संवाद

आमच्या बिल्डिंगमधले मांडवकरकाका मिशीवाल्या माणसाशी बोलत नाहीत.

भांडण वगैरे काही नाही. पातळ, कोरलेली, ओठाच्या वर गुमान राहणारी मिशी असेल तर त्यांची हरकत नसते. पण नाकाखालून निघून वरचा ओठ गिळून खालच्या ओठावर टेकणारी मिशी दिसली, की काका त्या माणसाकडे बघून छान हसतात, "तेच तर म्हणतोय मी," असं म्हणतात आणि चालू पडतात. आमच्या वॉचमनची, तिवारीची, मिशी अशीच आहे. त्याने एकदा मला कळवळून विचारलं होतं, "भाभी, चाचा हमसे नाराज हैं क्या? हमने पूछा तबीयत कैसी है, तो बोले, तेच तर म्हणतोय मी."

माझ्या नवऱ्याचीही तीच गत. आम्ही काकांचे शेजारी, दाराला दार लागून, तेही अकरा वर्षं. नवरा दारात उभा राहून विचारतो, "काका, गॅसवाला येऊन गेला का?" काका त्याच्या खांद्यावरून घरात डोकावतात आणि मला विचारतात, "हा काय म्हणतोय?" मग मी तेच वाक्य पुन्हा म्हणते आणि काका मला उत्तर देतात. "मी काय चिनी भाषेत बोलतो का?" असं नवरा आत येऊन धुसफुसत म्हणतो. त्याला हे मनापासून लागतं.

काकांच्या तऱ्हा एवढ्यावर संपत नाहीत. त्यांच्या खिशात सतत एक छोटी बॅटरी असते. लाइट गेली की जिन्यात भेटलेल्या माणसाच्या थेट तोंडावर ते ती मारतात आणि म्हणतात, "हां, आता बोल." पोलिसांनी चोर पकडावा तसं वाटतं. पाठीमागून हाक मारलेली त्यांना चालत नाही. पान खाणारा आवडत नाही. फोन घेतात तो व्हिडिओवरच, आणि समोरच्याने फोन कानाला लावला की चिडतात, "कान काय दाखवतोस? समोर ये आणि बोल." 'समोर ये आणि बोल' हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. करोनात सगळ्यांनी मास्क लावले, तेव्हा तर काका घराबाहेर पडेचनात. आम्ही म्हटलं, घाबरले असतील, वय आहे.

काका मूळचे रत्नागिरीकडचे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, तिथे एका गाळ्यात त्यांनी बत्तीस वर्षं प्रेसवर काढली. पत्र्याची गोल चकती मशीनखाली ठेवायची, धाडकन दाब पडला की तिचा टोप होतो. काकीही त्याच गाळ्यात भांडी पुसून त्यांवर लेबलं चिकटवायच्या. लग्न तिथेच जमलं. कुणाच्याही घरी जेवायला गेले की काका आधी ताट उलटं करून बघतात आणि म्हणतात, "पत्रा हलका आहे."

काकी सहा वर्षांपूर्वी गेल्या. त्यांनाही एक सवय होती. आपण काही बोललं, की त्या काकांकडे तोंड करून तेच वाक्य पुन्हा म्हणायच्या. "ही म्हणते, पाणी उद्या येणार." "ही म्हणते, चहा टाकू का." आम्हाला मजा वाटायची. जुनी माणसं, एकमेकांत फार गुंतलेली, असं मी समजून घेतलं होतं. मला तेव्हा काडीचंही कळलं नव्हतं, हे आताच सांगून टाकते.

काकांना एकच मुलगा, प्रशांत. चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि तिकडेच अकराव्या मजल्यावर राहतो. शांत, कष्टाळू मुलगा. पण मिशी अशी, की तिवारीने उठून मान द्यावा. महिन्यातून एकदा तो बसने काशीमीऱ्याला उतरून, रिक्षा करून यायचा. आल्यावर तासाभरात आमच्या भिंतीतून एकच संवाद ऐकू यायचा.

"बाबा, तुम्ही चला माझ्याकडे. एकटे कशाला राहताय?"

"आधी ती मिशी काढ. मग बोलू."

"बाबा, तुम्ही असताना कशी काढू?"

आता हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. आपल्याकडे बाप गेला की मुलगा मिशी उतरवतो. बाप जिवंत असताना गुळगुळीत तोंडाने फिरणं म्हणजे त्याचं मरण आधीच जाहीर केल्यासारखं. शहरात आता कोण पाळतं म्हणा, पण मांडवकरांच्या घरात पाळतात. प्रशांतच्या दृष्टीने ती मिशी म्हणजे बापाच्या आयुष्याची निशाणी होती आणि बाप मात्र ती काढ म्हणून हट्ट धरून बसला होता. एकदा जिन्यात तो मला म्हणाला, "ताई, मी फोनवर रोज विचारतो, जेवलात का. तर म्हणतात, हो, टँकर येऊन गेला. त्यांना माझ्याशी बोलायचंच नाहीये." त्याचा आवाज ऐकून मला वाईट वाटलं. काकी गेल्यापासून ह्या बापलेकांचं सरळ बोलणंच झालं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, दोघांनी समोरासमोर बसून मनातलं बोलावं, एवढीच माझी इच्छा होती. पण मध्ये ती मिशी उभी.

इथे आमच्या केतकीचा प्रवेश होतो. केतकी म्हणजे माझी मुलगी. कॉलेजात सिनेमा, जाहिराती असलं काहीतरी शिकते. मी शाळेत कारकून असल्यामुळे अभ्यास म्हणजे वही आणि पेन असं मला वाटतं, पण हिच्या सरांनी अभ्यास दिला तो असा: ज्यांनी आयुष्यात कधी मूकपट बघितलेला नाही अशा माणसांना मूकपट दाखवा आणि ती कशी बघतात ते लिहून आणा. अशी माणसं शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणीच बघितलेला नव्हता.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता सोसायटीच्या ऑफिसात भिंतीवर पांढरी चादर लावली. केतकीने कॉलेजातून प्रोजेक्टर आणला होता. दहा-बारा माणसं आली. पहिल्या रांगेत पाटील आजी. आजी मूळच्या खारी गावातल्या. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती, त्यामुळे पहिली खुर्ची त्यांची हे न बोलता ठरलेलं आहे.

सिनेमा सुरू झाला. परदेशातला होता. एक जाडा हवालदार शिडी घेऊन धावत होता आणि ज्याला त्याला ती शिडी लागत होती.

"आवाज कां न्हाय येत रं?" आजींनी विचारलं.

"आजी, ह्याला आवाज नसतोच."

"मशीन बिघडलाय का?"

तिवारी लगेच पुढे आला, वायर काढून पुन्हा घातली, स्पीकरला दोन चापट्या मारल्या. केतकीने सिनेमा थांबवून सगळ्यांना समजावून सांगितलं, की तेव्हा आवाजाचं यंत्रच नव्हतं. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग सगली धावतान कां? यांची गाडी सुटलीय?"

मीही पहिल्यांदाच बघत होते. सुरुवातीची दहा मिनिटं माझे कान नुसते वाट बघत होते. पंख्याची कुरकुर ऐकू आली, वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली, नवऱ्याचं नाक वाजलेलं ऐकू आलं. घरी सिरियल लावून मी भाजी निवडते. डोळे भाजीत आणि कान टीव्हीत. इथे खाली बघायची सोयच नव्हती. खाली बघितलं की गोष्ट हातातून गेली. कितीतरी वर्षांत मी कुणाच्याही चेहऱ्याकडे इतका वेळ टक लावून बघितलं नव्हतं. स्वतःच्या नवऱ्याच्या तर नाहीच. एकविसाव्या मिनिटाला तो हवालदार शिडीसकट हौदात पडला आणि आम्ही सगळे एकदम हसलो, तेव्हा जाणवलं की आवाज आमचाच होता.

दुसरा सिनेमा आपल्याकडचा. पौराणिक. राजा, राणी, तपश्चर्या करणारे ऋषी. राणीचं काम एका बुवाने केलं होतं, ते दंडांवरून कळत होतं. मधूनमधून काळी पाटी यायची आणि तिच्यावर संवाद लिहिलेला असायचा. ऋषी संतापून हात वर करून काहीतरी बोलले. पाटी आली: 'हे उन्मत्त राजा, तुझे राज्य भस्मसात होईल.'

"खोटं आहे," मागून आवाज आला.

मागे मांडवकरकाका. आपली घरची खुर्ची घेऊन आले होते.

"काय खोटं, काका?" केतकीने मागे वळून विचारलं.

"पाटीवर लिहिलंय ते. तो म्हातारा तसं बोललाच नाही. तो म्हणाला, जरा डावीकडे सरक, ऊन डोळ्यांत येतंय."

केतकीने सिनेमा मागे नेला. पुन्हा ऋषींनी हात वर केला, दाढीच्या वरचे ओठ हलले, आणि काका त्या ओठांबरोबर एकेक शब्द म्हणत गेले. "जरा. डावीकडे. सरक." आणि खरोखर, राजा डावीकडे सरकला.

त्यानंतर त्या खोलीत जे झालं ते मी विसरणार नाही. राजाने छातीवर हात ठेवून घनगंभीर प्रतिज्ञा केली. काका म्हणाले, "हा आकडे म्हणतोय. एक, दोन, तीन, चार. बाराला थांबला." राणीने आकाशाकडे बघत विलाप केला. काका म्हणाले, "बुवा म्हणतोय, पाठीमागे टाचणी टोचतेय, लवकर आटपा." पाटीवर लिहिलं होतं, 'नाथ, या दासीचा त्याग करू नका.' आजी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"काका, तुम्हाला हे कळतं कसं?" केतकी वही घेऊन धावली.

"गाळ्यात तीस प्रेस एकदम चालायचे," काका म्हणाले. "बाजूच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. मग बोलणार कसं? तोंड मोठं उघडायचं, आवाज काढायचाच नाही. समोरचा ओठ बघतो. हिची माझी ओळख तशीच झाली. मी प्रेसवर, ती पलीकडे चाळीस फुटांवर. पहिलं वाक्य मी काय बोललो सांगू? जेवलीस का."

"आणि काकी काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मशीनकडे बघ, हात जाईल."

झालं. दर रविवारी पाचला मूकपट हा बिल्डिंगचा कार्यक्रम ठरला. केतकीचा अभ्यास जमा करून झाला, मार्कही मिळाले, तरी सिनेमे चालू राहिले. हाटकेशहून माझी नणंद येऊ लागली. पाटी वाचणं आम्ही सोडूनच दिलं. पाटी आली की सगळे वळून काकांकडे बघायचे. परदेशी सिनेमा असला तर काका प्रामाणिकपणे सांगायचे, "ह्यांची भाषा मला येत नाही. पण भांडण घरातलंच आहे, एवढं नक्की." काकांनी आम्हा बायकांना गाळ्याची मुकी भाषाही थोडी शिकवली. आता आम्ही तीन मजल्यांवरून एकमेकींना 'कोथिंबीर आहे का' विचारतो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

सहाव्या रविवारी केतकीने एक ऐतिहासिक आणला. शूर सरदार, घोडे, किल्ला. सरदाराची मिशी म्हणजे दोन्ही गालांवर पसरलेलं प्रकरण. सेनापतीचं बोलणं काकांनी सांगितलं, दासीचं सांगितलं, घोड्याच्या मोतद्दाराचंही सांगितलं. सरदार बोलायला लागला आणि काका गप्प.

"काका, सरदार काय म्हणतोय?"

"ह्याचं सोड," काका म्हणाले. "बोलतोय की घास चावतोय, काय कळत नाही. मिशी."

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता थांबले. दारात तिवारी उभा होता. माझ्या बाजूला नवरा बसला होता. एकाच्या मिशीवरून दुसऱ्याच्या मिशीवर माझी नजर गेली आणि मग ती बॅटरी आठवली, मास्क आठवले, व्हिडिओ फोन आठवला, आणि प्रत्येक वाक्य काकांकडे तोंड करून पुन्हा म्हणणाऱ्या काकी आठवल्या. अकरा वर्षं ही सगळी चित्रं माझ्या समोर होती आणि मी पाटीच वाचत बसले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. काका ओट्यापाशी, माझ्याकडे पाठ करून, कुकरकडे टक लावून उभे. शिट्टी वाजली. ते हलले नाहीत. शिट्टी वर उडून खाली बसली तेव्हा त्यांनी मान हलवून मोजायला एक बोट दुमडलं. मी मागून म्हणाले, "काका." मग मोठ्याने म्हणाले. मग जवळजवळ ओरडले. काकांनी दुसऱ्या शिट्टीची वाट बघितली, दुसरं बोट दुमडलं, गॅस बंद केला आणि वळले. मला बघून दचकले.

मी आवाज काढला नाही. तोंड मोठं उघडून, त्यांनी शिकवलं होतं तसंच, विचारलं, "ऐकू येत नाही ना?"

काकांनी माझ्यामागच्या उघड्या दाराकडे एकदा बघून घेतलं. मग तेही आवाज न काढता म्हणाले, "नाही. कुणाला सांगू नको."

मी दार लोटून घेतलं. मग ते नेहमीसारखं बोलायला लागले. डावा कान नोकरीत असतानाच गेला, उजवा नंतर हळूहळू. "ही होती तोवर अडलं नाही. हिनेच कुणाला कळू दिलं नाही." कानाचं मशीन एकदा घेऊन बघितलं होतं. ते घातलं की पुन्हा गाळ्यात गेल्यासारखं सगळं धडधडायचं, म्हणून ते कपाटात ठेवलंय. "प्रशांतला कळलं ना, की बापाला ऐकू येत नाही, तर दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन येईल. अकराव्या मजल्यावर मी कुणाचं तोंड बघू? इथे तुमची सगळ्यांची तोंडं मला पाठ आहेत."

"पण काका, त्याच्याशी बोलावंसं नाही वाटत?"

"तो येतो, समोर बसतो. मिशी हलते. मला एवढंच कळतं की काहीतरी बोलतोय." काका कुकरच्या झाकणाकडे बघत म्हणाले. "त्याची आई गेल्यापासून त्याच्या तोंडचा एक शब्द मला पोचलेला नाही. त्याला कसं सांगू? मग म्हणतो, मिशी काढ."

मी शब्द दिला, कुणाला सांगणार नाही. शब्द मोडायचा नाही आणि गप्पही बसवत नाही, अशी माझी चांगलीच पंचाईत झाली. दोन दिवस मी शाळेत दाखल्यांवर भलतीच नावं लिहिली. मग मला सुचलं. मी प्रशांतला निरोप धाडला, की येत्या रविवारी ये, तुझ्या वडिलांचा कार्यक्रम बघायला. आणि केतकीला सांगितलं, तो सरदाराचा सिनेमा पुन्हा लाव.

"पुन्हा तो मिशीवाला कशाला?" काकांनी कुरकुर केली.

"आजींची फर्माईश आहे," मी ठोकून दिलं. आजींनी मान हलवली. त्यांना काही माहीत नव्हतं, पण फर्माईश आपली म्हटल्यावर त्या नाही कशाला म्हणतील?

प्रशांत सगळ्यात मागे बसला. काका रंगात होते. सेनापती, दासी, मोतद्दार, सगळ्यांना त्यांनी बोलतं केलं. प्रशांत आधी हसत होता. बापाला इतक्या माणसांत इतकं खुशीत त्याने किती वर्षांनी बघितलं असेल कोण जाणे. मग सरदार आला. "ह्याचं सोड," काका म्हणाले. पुन्हा सरदार. "ह्याचं सोड." सरदाराने मरणाऱ्या बापाच्या उशाशी बसून भलं मोठं भाषण केलं. काका हळूच म्हणाले, "हा नक्कीच काहीतरी चांगलं बोलतोय. पण काय करणार?"

मी मागे वळून बघितलं. प्रशांतचा हात त्याच्या स्वतःच्या मिशीवर गेला होता आणि तिथेच राहिला होता. सिनेमा संपायच्या आत तो उठून गेला, चहालाही थांबला नाही.

पुढचे पंधरा दिवस त्याचा फोन नाही, काही नाही. काका रोज फोन समोर ठेवून बसायचे. मला वाटलं, मी शहाणपणा करायला गेले आणि होतं ते तुटलं. टेम्पो आलाच तर दोष माझा. त्या पंधरवड्यात मी काकांच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही, आणि ते तर माणसाचं तोंडच वाचतात.

तिसऱ्या रविवारी साडेचार वाजता मी भजी तळत होते. खालून गलका ऐकू आला. पिठाच्या हातांनी गॅलरीत आले तर गेटपाशी रिक्षा, रिक्षाजवळ प्रशांत, आणि त्याच्या नाकाखाली काही नाही. गुळगुळीत. मिशी होती तिथली कातडी बाकीच्या चेहऱ्यापेक्षा गोरी दिसत होती.

तिवारीने टोपी काढून छातीशी धरली होती. "बहुत अफसोस हुआ भैया," तो म्हणत होता. "हमको तो किसी ने बताया ही नहीं."

"क्या नहीं बताया?" प्रशांत गोंधळून विचारत होता.

एवढ्यात पाटील आजी बाकावरून उठल्या. त्यांनी प्रशांतचं तोंड बघितलं, पदर तोंडाला लावला आणि हंबरडा फोडला. "आरं देवा, मांडवकर गेला. कवा गेला रं? सकाली तं पेपर वाचीत होता."

मी धावत खाली. पहिल्या मजल्यावरची बाई चपला न घालताच खाली. माझा नवराही मागोमाग उतरला, त्याने फोन करून कुणालातरी सामान आणायला पाठवलं. सामान म्हणजे कसलं ते कळतंच. प्रशांत "अहो नाही, अहो ऐका तरी" म्हणत होता आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून चारजण त्याला बसायला सांगत होते. बिचारा स्वतःच घाबरून वर बघायला लागला, बाप खरंच आहे ना म्हणून.

आणि जिन्यातून, आपली खुर्ची काखेत मारून, काका उतरले. पाच वाजत आले होते, सिनेमाची वेळ.

प्रशांतच्या खांद्यावरचे हात खाली आले. काकांनी गर्दी बघितली, रडणाऱ्या आजी बघितल्या आणि काळजीने विचारलं, "कोण गेलं?"

आजी पदराआडून म्हणाल्या, "तूच गेलास ना रं."

तोंडावर पदर. काकांना काय कळणार? त्यांनी दुःखाने मान हलवली आणि म्हणाले, "तेच तर म्हणतोय मी."

पुढची दोन मिनिटं आमच्या गेटवर जो हशा झाला, तो खाडीपलीकडे ऐकू गेला असेल. आजी हसता हसता काकांच्या पाठीत बुक्क्या मारत होत्या. तिवारीने टोपी पुन्हा घातली. नवरा फोनवर ओरडत होता, "अरे काही आणू नकोस, माणूस आहे, माणूस आहे." काका सगळ्यांकडे बघून हसत होते, का ते न कळता.

मग गर्दी जरा बाजूला झाली आणि त्यांना प्रशांत दिसला.

काकांनी खुर्ची खाली ठेवली. दोन पावलं पुढे आले. मुलाच्या नाकाखालच्या त्या गोऱ्या पट्ट्याकडे, मग ओठांकडे बघत राहिले. हसणारी माणसं एकेक करून गप्प झाली.

प्रशांत बोलला. आवाज न काढता. तोंड मोठं उघडून, गाळ्यातली माणसं बोलायची तसं. लहानपणी घरात आईबापांना तसंच बोलताना त्याने बघितलं होतं, त्याला शिकवावं लागलं नाही. तो बराच वेळ बोलत होता. मध्ये एकदा थांबून पुन्हा बोलला. मी सात-आठ मूकपट बघितले होते, कोथिंबीर मागण्यापर्यंत माझी मजल गेली होती, पण मला एक शब्द लागला नाही. काकांची नजर त्या ओठांवरून हलली नाही. ते मध्ये मध्ये मान हलवत होते आणि एकदाही 'तेच तर म्हणतोय मी' म्हणाले नाहीत.

प्रशांत थांबला. सवयीप्रमाणे आम्ही सगळे वळून काकांकडे बघायला लागलो.

"काका, काय म्हणाला तो?" केतकीने विचारलं.

काकांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "काही नाही. विचारतोय, जेवलात का."

एवढं लांब बोलणं आणि पाटीवर दोन शब्द. पाटीवर खरं लिहीत नाहीत, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. कुणी पुढे काही विचारलं नाही.

त्या दिवशी सिनेमा झाला नाही. प्रशांत खुर्ची घेऊन वर गेला, मागोमाग काका. सहाच्या सुमाराला मी भज्यांची ताटली द्यायला गेले. बाहेर चांगला उजेड असूनही त्यांनी ट्यूब लावली होती. दोघं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसले होते आणि तोंडं भराभर हलत होती. आवाज अजिबात नाही. काका हात उंच करून कसलीतरी उंची दाखवत होते, बहुतेक प्रशांत लहानपणी केवढा होता ते. प्रशांत पोट धरून हसत होता.

मी दारातच उभी राहिले. एक शब्द कळत नव्हता आणि तिथून हलवतही नव्हतं. भजी गार झाली, तेव्हा ताटली चपलांच्या कपाटावर ठेवून मी परत आले. घरात नवरा आरशासमोर उभा होता आणि मिशीवर आडवं बोट धरून स्वतःचं तोंड बघत होता.